सुमनचं इंग्रजी

गोकुळदासबाबांना, म्हणजे बाजाराच्या ‘बाब’ना, कानावर पडून पडून इंग्रजी कळायचं, पण वाचता-बोलता येत नसे. लहानपणी दोन-तीन वर्षं पोर्तुगीज शाळेत गेली, मग गोवा मुक्त झाला, शाळा मराठी झाली, आणि या सगळ्या धांदलीत इंग्रजीकडे वळायचं राहूनच गेलं. डिचोलीच्या बाजारातलं वडिलांचं दुकान त्यांनी भावाच्या हवाली केलं आणि सर्वणच्या रस्त्याला काजूचा कारखाना घातला. कारखाना म्हणायचं एवढंच. पत्र्याची एक लांब शेड, बिया भाजायचं लोखंडी पिंप, गर वाळवायची भट्टी आणि जमिनीवर रांगेने बसून बिया फोडणाऱ्या बायका. बायका बहुतेक दोडामार्गकडच्या. नवरे खाणीच्या ट्रकांवर लागले तशा त्यांच्या मागोमाग गोव्यात आलेल्या.

माल मुंबईला जायचा आणि मुंबईचा व्यापारी म्हणेल तो भाव मुकाट घ्यायचा. माल थेट परदेशी पाठवावा हे बाबांच्या डोक्यात आलं ते सुमनमुळे.

सुमन पेडण्याची. लग्नाआधी वास्कोला एका जहाजांच्या एजंटाकडे नोकरीला होती. तिथे तिचं इंग्रजी घडलं. टेलेक्स, फोन, कॅप्टनांच्या आरोळ्या, ग्रीक माणसाचं इंग्रजी वेगळं, कोरियन माणसाचं वेगळं. कोण चिडून बोलतो आणि कोणाचा आवाजच तसा, हे तिला ऐकताक्षणी उमगायचं. लग्न होऊन ती डिचोलीत आली. नवरा नारायण बसवर कंडक्टर. सहा महिने घरात बसून ती कंटाळली आणि बाबांच्या कारखान्यात हिशेबाला म्हणून लागली.

नव्वदच्या सुमारास परदेशी व्यापाऱ्यांचे पत्ते कुठल्याशा मासिकात छापून आले होते. तिने बाबांना न विचारता चार पत्रं टाकली. तिघांनी उत्तर दिलं नाही. चौथा होता हॉलंडचा हेंद्रिक. गरीब देशांतल्या लोकांनी बनवलेल्या वस्तू विकणारी छोटी छोटी दुकानं त्याच्या देशात होती, त्यांना तो माल पुरवायचा. त्याने नमुना मागवला.

नमुना पोचल्यावर त्याचा फॅक्स आला. बाजारातल्या फॅक्सच्या दुकानातून सुमनने तो आणला आणि चालता चालता वाचला. त्यात लिहिलं होतं, ‘तुमचे काजू चांगले आहेत. पॅकिंग वाईट आहे. एका पाकिटात किडा होता. हे असं मी विकू शकत नाही.’

नमस्कार नाही, घरच्यांची चौकशी नाही. बाबांनी हे असंच्या असं ऐकलं असतं तर दुसऱ्या दिवशी माल मुंबईला गेला असता आणि हॉलंडचं नाव कारखान्यात कोणी काढलं नसतं. सुमनने फॅक्स घडी करून पर्समध्ये ठेवला.

“काय म्हणतो?” बाबांनी विचारलं.

“माल फार आवडला म्हणतात, बाब. तुमचा कारखाना वाढावा असं त्यांना वाटतं. फक्त पिशवी जरा जाड वापरावी, म्हणजे एवढ्या लांबच्या प्रवासात गर खराब होणार नाही.”

“बरा माणूस दिसतो,” बाब म्हणाले. “पळोवया.”

पळोवया म्हणजे बघूया. डिचोलीच्या बाजारात या एका शब्दावर अर्धा व्यवहार चालतो. हो म्हणायचं असलं तरी पळोवया, नाही म्हणायचं असलं तर हमखास पळोवया. समोरच्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणं म्हणजे त्याला दारातून हाकलणं. तसं कोणी करत नाही. सुमनने हेंद्रिकला लिहिलं, ‘नवीन पॅकिंगमध्ये माल पंधरा तारखेला निघेल.’ आणि मग पंधरा तारखेपर्यंत ती बाबांच्या मागे लागली. म्हापशाहून पिशव्या आणवल्या, दोनदा स्वतः ट्रकवाल्याकडे गेली. माल निघाला.

असं तीन वर्षं चाललं. हेंद्रिकच्या धडाधड वाक्यांना ती इकडे मऊ करी आणि बाबांच्या मऊ बोलण्याला तिकडे हाडं घाली. दोघांनाही दुसरा माणूस आवडायला लागला. बाब बाजारात सांगत, “आमचा हेंद्रिक म्हणजे एकदम सभ्य. आपल्यासारखाच.” आणि हेंद्रिकने एकदा लिहिलं होतं, ‘भारतात लोक गोल गोल बोलतात असं मला सांगितलं होतं. तुमचे मालक तसे नाहीत, थेट बोलतात. मला ते आवडतं.’ ते वाचून सुमन टेबलाशी एकटीच हसली होती.

चौथ्या वर्षी मार्चमध्ये हेंद्रिक स्वतः आला.

उंच, तांबूस, साध्या चपला घातलेला माणूस. बाबांनी हार आणला होता, तो त्याने गळ्यात घालून घेतला आणि लगेच काढून हातात धरला. दुपारचं जेवण बाबांच्या घरी. त्यांची बायको चंद्रावती पहाटेपासून राबत होती. विसवण माशाचं हुमण, तळलेले तुकडे, खतखतें, सोलकढी, शेवटी गोडाला मणगणें. दुसऱ्यांदा वाढायला ती वाकली तशी हेंद्रिकने ताटावर आडवा हात धरला आणि म्हणाला, “नो.”

नुसतं नो. चंद्रावतीचा हात डावासकट वरच्या वर थांबला.

“काकी, त्यांना पोटाचं पथ्य आहे,” सुमन म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलंय. नाहीतर आज उठलो नसतो म्हणतात.”

चंद्रावतीचा चेहरा सैल झाला. “आधीच सांगायचं गो, मी तिखट कमी घातलं असतं.”

जेवणानंतर सगळी शेडकडे गेली. बायका नेहमीसारख्या बसल्या होत्या. भाजलेली बी दगडावर धरायची, लाकडी दांडक्याने एक बेताचा ठोका, टरफल फुटतं, गर अख्खा बाहेर येतो. टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. बायका हाताला राख चोळून बसतात, तरी बोटं काळी पडतात, सालपटं निघतात. इथे कोणाला त्याचं नवल नव्हतं. बी फोडणाऱ्या बाईचे हात असेच असायचे.

हेंद्रिक रांगेच्या मधोमध थांबला आणि खाली उकिडवा बसला. त्याच्यासमोर शेवंती होती. चाळिशीची, भेडशीकडची, रांगेतली जुनी बाई. नवरा महादेव ट्रकवर क्लीनर. सर्वणला एका खोलीत राहायची, यशोदा नावाची एक मुलगी. सुमनशी तिचं चांगलं होतं. दुपारच्या सुट्टीत सुमन आपला डबा घेऊन शेडमध्येच यायची. शेवंतीच्या सुक्या बांगड्याच्या किसमुरीची तिला चटक लागली होती.

“तिला विचारा,” हेंद्रिक म्हणाला, “हात दुखतात का?”

सुमनने विचारलं. शेवंतीने तिच्याकडे बघितलं, गोऱ्याकडे नाही. आणि रोज डब्यावर बसून बोलावं तशी बोलायला लागली.

“दुखतत मगे. दुखाचे नाय तर काय? भात कालवूक बसलंय तर आगीत हात घातल्यासारख्यां वाटता. ही डाव्या हाताची दोन बोटां आता वळनत नाय. चेडवाची येणी घालूक जमणा नाय माका, शेजारीण घालता. बाबांक दोनदा सांगलंय, हाताक लावूक कायतरी द्या म्हणान. ते म्हणतत पळोवया.” आणि ती हसली. शेजारच्या बायकाही हसल्या.

बाब दोन पावलांवर उभे होते.

“थोडं दुखतं म्हणते,” सुमन इंग्रजीत म्हणाली. “पण त्यांना सवय आहे.”

हेंद्रिक उठला नाही. त्याने मान वर करून सुमनकडे पाहिलं. “ती बराच वेळ बोलली. तुम्ही एक वाक्य सांगितलंत.”

सुमनने बाबांकडे पाहिलं.

“मला तिचे शब्द पाहिजेत. तुमचे नकोत.”

इतक्या वर्षांत हे तिला कोणी म्हटलं नव्हतं. आणि समोर शेवंतीचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता, दोन बोटं अर्धवट आखडलेली. सुमनला वाटलं, हा माणूस एवढा समुद्र ओलांडून आलाय, खाली मातीत बसलाय, त्याला खरं ऐकायचंय. आज आपण मध्ये आलो तर परत कोण विचारणार. तिने सगळं सांगितलं. आग, भात, बोटं, वेणी. बाबांना दोनदा सांगितल्याचंही सांगितलं.

बाबांना इंग्रजी कळत होतं. त्यांचं हसू तसंच राहिलं. त्यांनी मागे वळून हाक मारली, “अरे, पाहुण्यांना शहाळी आणा.”

हेंद्रिकने शेवंतीचा राखेने भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बायकांनी तोंडाला पदर लावले. “तिला सांगा,” तो म्हणाला, “ती फार धीट आहे. तिच्या बोलण्यामुळे इथे बदल होईल.”

सुमनने ते सांगितलं तेव्हा शेवंतीने हात सोडवून घेतला. “माझ्यामुळां? नको गो बाय. तेंका सांग, माका काय होया नाय.”

एवढं वाक्य मात्र सुमनने सांगितलं नाही. हेंद्रिकचे डोळे भरून आले होते.

बाब महिनाभर त्या विषयावर काही बोलले नाहीत. शेवंतीलाही नाही. मग हॉलंडहून कागद आले, चांगले जाड. अटी होत्या. प्रत्येक कामगाराला हातमोजे, शेडमध्ये वारा खेळण्याची सोय, मुंबईहून एक माणूस येऊन तपासणी करणार. आणि सुरुवातीला एका बाईचं बोलणं. नाव नव्हतं. ‘मला माझ्या मुलीची वेणी घालता येत नाही, असं एका कामगार स्त्रीने आम्हाला सांगितलं. मालकाकडे दोनदा तक्रार करूनही उपाय झाला नाही.’

“जसं आहे तसं वाच,” बाब म्हणाले. “या वेळी तुझा मीठ-मसाला घालू नको.”

ते हे इतक्या शांतपणे म्हणाले की सुमनला कळलं, पूर्वीचंही सगळं त्यांना ठाऊक होतं. तिने वाचलं.

बाब उठून जनेलाशी गेले. “या शेवंतीचा घोव खाणीवर पडला तेव्हा म्हापशाच्या इस्पितळात माझी गाडी गेली. औषधं मी आणली. चवथीला दर वर्षी तिच्या घरी गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान माझ्या घरातून जातं. तिच्या पोरीच्या बारशाला मी आणि चंद्रावती गेलो होतो. ठाऊक आहे तुला?”

“ठाऊक आहे, बाब.”

“हात दुखतात तर घरी यायचं. चंद्रावतीला सांगायचं. परक्यासमोर सांगतात?”

“तो विचारत होता.”

“त्याला विचारायला काय जातं? तो विचारून विमानात बसला. आम्ही इथे एकमेकांची तोंडं बघायची आहेत.” मग म्हणाले, “लिही त्याला, सगळ्या अटी मान्य. हातमोजे आणू.”

आणि हातमोजे आले. जाड, केशरी रबराचे, कोपरापर्यंत. बायकांनी पहिल्या दिवशी ते घालून एकमेकींना दाखवले, हशा पिकला. पण हातमोज्यात बी बोटाला लागत नाही. ठोका किती द्यायचा हे बोटांनाच कळतं, ते कळेना. गर अख्खा निघायचा तो तुकडे होऊन निघायला लागला. मजुरी निघालेल्या गरावर, अख्ख्याला जास्त, तुकड्याला कमी. शिवाय आत घाम येऊन हात उकडायचे. आठवड्यात बायकांनी हातमोजे काढून खुंटीला अडकवले आणि पुन्हा राख चोळून बसल्या. बाबांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. त्यांनाही अख्खा गर हवाच होता.

सुमनने हेंद्रिकला लिहिलं की जाड हातमोज्यांनी काम होत नाही, पातळ पाठवता आले तर बघावं, नाहीतर हाताला लावायचं चांगलं मलम. उत्तर आलं, ‘सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड करता येणार नाही. सुरुवातीला कामगार विरोध करतात, मग त्यांना सवय होते.’ सवयीचा शब्द सुमनने दोनदा वाचला. तो तिनेच त्याला शिकवला होता.

पावसाच्या आधी मुंबईचा तपासनीस आला, न कळवता. तरुण, नम्र, सगळ्यांना ‘मावशी’ म्हणणारा. खुंटीला ओळीने लटकलेले केशरी हातमोजे त्याने बघितले, खाली उघडे हात बघितले, चहा घेतला आणि गेला. पंधरवड्याने हॉलंडहून एकच ओळ आली. हातमोज्यांशिवाय काम करणारा एकही कामगार पुढच्या तपासणीत दिसला तर खरेदी बंद.

बाबांनी शेडमध्ये उभं राहून सांगितलं, “उद्यापासून ज्याच्या हातात मोजा नाही त्याने बसायचं नाही. मला नावं ठेवू नका. साहेबांचा हुकूम आहे. तुमच्याच भल्यासाठी आहे.”

बायका शिकल्या. हळूहळू, कमी पैशांत, चरफडत. शेवंतीला मात्र जमेना. तिची ती दोन बोटं मोज्याच्या बोटांत शिरतच नव्हती. बळेच शिरवली तर दांडका धरता येत नव्हता. दोन दिवस तिने खटपट केली. तिसऱ्या दिवशी बाब तिच्याजवळ गेले आणि अगदी मायेने म्हणाले, “शेवंती, तू घरी बस. हात बरे होऊ देत. मग पळोवया.”

शेवंतीने दगडावरची राख झाडली, आपलं दांडकं शेजारणीला दिलं आणि निघाली. पळोवयाचा अर्थ तिला कोणी उलगडून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी सुमन सर्वणला तिच्या खोलीवर गेली. सोबत म्हापशाहून आणलेलं मलम होतं. शेवंती बाहेर पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. तिने पाट दिला, पाणी दिलं, मलम घेऊन बाजूला ठेवलं.

“मी हेंद्रिकना लिहिते,” सुमन म्हणाली. “तुझं काम गेलं हे त्यांना माहीत नाही. कळलं तर ते ऐकून घेणार नाहीत.”

“नको.”

“अगं, पण तूच तर सांगितलंस ना त्यांना...”

शेवंतीचा हात सुपात थांबला. “मी तेंका खंय सांगलंय?” ती म्हणाली. “मी तुका सांगी हुतंय.”

शेवंती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

“तू विचारलंस म्हणान सांगलंय. रोज सांगी नाय काय तुका? तो गोरो थंय बसलेलो तर बसलेलो. बाब उभे हुते. माका काय ठाऊक, तू माझां बोलणां उचलून तेंच्यापुढे मांडतलंस? तुका समजाक होया हुतां. तू आमची.”

आतून यशोदा बाहेर आली, केस मोकळे, हातात फणी. शेजारणीकडे निघाली होती. सुमन म्हणाली, “ये, मी घालते.” मुलीने आईकडे पाहिलं. शेवंती म्हणाली, “जा गो, कमलकाकी वाट बघता.” मुलगी गेली. सुमन आणखी थोडा वेळ बसली आणि उठली.

तिने लिहिलं नाही. पण पुढच्या मार्चमध्ये हेंद्रिक पुन्हा आला तेव्हा तिला राहवलं नाही. शेड बघून तो खूश होता. तीसच्या तीस बायका केशरी हातमोजे घालून बसल्या होत्या. त्याने भराभर फोटो काढले. नव्या पाकिटांवर छापायचे होते. मग त्याची नजर रांगेत फिरली.

“ती धीट बाई कुठे आहे?”

“तिला कामावरून काढलं,” सुमन म्हणाली. “तिची बोटं हातमोज्यात जात नाहीत.”

हेंद्रिकचा चेहरा लाल झाला. तो सरळ बाबांपुढे गेला, आणि सगळ्या बायकांसमोर, मुकादमासमोर, चहा घेऊन आलेल्या चंद्रावतीसमोर म्हणाला, “हे चूक आहे. तुम्ही तिला परत घ्यायला पाहिजे. बसून करायचं दुसरं काम द्या, प्रतवारीचं द्या. घेणार की नाही?”

सुमनने भाषांतर करायची गरज नव्हती, तरी तिने केलं. बाब हसले. भर शेडमध्ये, आपल्या माणसांपुढे, आपल्याच जागेत कोणीतरी असं बोट रोखून विचारल्यावर डिचोलीचा कुठलाही व्यापारी हसेल तसं हसले. दोन्ही हात जोडले.

“व्हय, व्हय. येस. घेऊया मगे. का नाही? यू डोन्ट वरी.”

हेंद्रिकने समाधानाने त्यांचा हात हातात घेऊन हलवला.

गाडीत बसताना तो सुमनला म्हणाला, “बघा, स्पष्ट बोललं की प्रश्न सुटतात.”

“ते घेणार नाहीत,” सुमन म्हणाली.

“त्यांनी हो म्हटलं.”

“तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर विचारलंत. त्या वेळी हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता. आता तर शेवंती त्यांच्या डोळ्यांसमोर नको. एकट्यात, घरी, जेवताना विषय काढला असता तर कदाचित...”

हेंद्रिक गाडीचं दार धरून उभा राहिला. “एक माणूस माझ्या डोळ्यांत बघून हो म्हणतो. तुम्ही म्हणता त्याचा अर्थ नाही असा आहे.”

“हो.”

“मग चार वर्षं तुम्ही मला त्याचा ‘हो’ कसा कळवत होता?”

हेंद्रिकने दारावरचा हात काढला.

“माझं बोलणंही तुम्ही असंच बदलून सांगत होता का? त्यांना?”

आताही सांगता आलं असतं काहीतरी. शब्द तिच्या जिभेवर तयार असत. पण तिला त्या शब्दांचाच वीट आला होता. “हो,” ती म्हणाली. “नाहीतर पहिल्याच फॅक्सला धंदा संपला असता.”

हेंद्रिकने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. फसवल्या गेलेल्या माणसासारखं. “मला वाटत होतं, मी गोकुळदासना ओळखतो,” तो म्हणाला. “मी तर तुमच्याशीच बोलत होतो.” आणि गाडीत बसला.

हॉलंडला पोचल्यावर त्याने बाबांना फॅक्स केला. त्यात त्याने सौम्य शब्दांत लिहिलं होतं की यापुढे पत्रव्यवहार दुसऱ्या कोणी, तटस्थ माणसाने केला तर बरं होईल. तो फॅक्सही सुमननेच बाजारातून आणला, आणि तिनेच वाचून दाखवला. जसाच्या तसा.

बाब म्हणाले, “असं काय लिहितो हा. तू मनाला लावून घेऊ नको.”

जूनमध्ये त्यांचा पुतण्या सगुण मडगावहून बी.कॉम. होऊन आला. बाबांनी घरी फॅक्सचं यंत्र बसवलं, म्हणजे बाजारात जायला नको. कारखान्यातलं सुमनचं मेज पावसाचं पाणी गळतं म्हणून आत सरकवलं, मग तिथे पिशव्यांचे गठ्ठे आले, मग तिचं बसायचं कदेलही दिसेना. कोणी तिला एक शब्द वाकडा बोललं नाही. चंद्रावतीने चवथीला करंज्या पाठवल्या. चवथ झाल्यावर सुमन कामावर गेली नाही, आणि का आली नाहीस म्हणून विचारायला कोणी आलं नाही.

धंदा बुडाला नाही, उलट वाढला. सगुणचं इंग्रजी बेताचं; हेंद्रिक लिहायचा तेवढंच तो बाबांना सांगायचा आणि बाब म्हणतील तेवढंच तिकडे लिहायचा. पण तोवर दोघांनाही एकमेकांची गरज लागली होती, आणि गरज असली की उद्धटपणाही चालतो, पळोवयाही चालतं. नवं पाकीट आलं. त्यावर केशरी हातमोज्यांत धरलेले पांढरेशुभ्र गर होते. बाबांनी ते काचेच्या कपाटात लावलं.

नारायणला हे सगळं पटलं नव्हतं. “तुला कोणी सांगितलं होतं दोघांच्या मध्ये पडायला?” तो एकदा म्हणाला. “मध्ये पडायचाच तर पगार होता,” सुमन म्हणाली. त्यावर तो हसला, ती हसली नाही. पुढे तिने घरीच इंग्रजीच्या शिकवण्या सुरू केल्या. मुलांना ती व्याकरण शिकवायची. भाषांतराचा धडा आला की म्हणायची, तो तुम्ही घरी करा.

शेवंती तिला भेटली ते दीड वर्षाने, डिचोलीच्या बसस्टँडवर, बुधवारच्या बाजाराच्या दिवशी. डोक्यावर पाटी होती, पाटीत वायंगणी मुळा आणि तांबडी भाजी. अंगाने वाळली होती. सुमनने हाक मारली तशी ती थांबली, पाटी खाली ठेवली आणि छान हसली.

“कशी आहेस, शेवंतीबाय?”

“बरी मगे. तुम्ही बऱ्या?”

तुम्ही. सुमनला ते ऐकू आलं, पण आजूबाजूला कंडक्टर ओरडत होते, माणसं चढत-उतरत होती.

“काम मिळालं कुठे?”

“मिळालां तर. सर्वणाक भाटात जातंय, माडाबुडी. लोक बरे आसत.”

“आणि महादेव?”

“बरे आसत.”

“यशोदा शाळेत जाते ना?”

“जाता, जाता. सगळां बरां आसा तुमच्या आशीर्वादान.”

सुमन काही विचारणार होती. हातांबद्दल. पण शेवंतीने दोन्ही हात पदराखाली घेतले होते, आणि चेहरा असा गुळगुळीत, अदबीचा केला होता की त्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. बाबांकडे मोठे पाहुणे आले की शेडमधल्या बायका असाच चेहरा करून बसत.

दोडामार्गची बस आली. शेवंतीने पाटी उचलली. सुमनने हात लावायला पुढे केला तोवर पाटी डोक्यावर चढलीही होती.

पुढे कधीतरी बाजारात शेवंतीची शेजारीण कमल भेटली. तिच्याकडून सुमनला कळलं की शेवंती माडांच्या भाटात कामाला वगैरे कुठेच जात नाही, भाजीही दुसऱ्याची पोचवते. महादेवने कधीच गोवा सोडलाय, आणि यशोदाची शाळा सुटून वर्ष झालं. ती म्हापशाला कुणाच्या तरी घरी धुण्याभांड्याला राहते.

“तुका सांगूक नाय काय तिनां?” कमलने विचारलं. “तुमचां तर येवढां हुतां.”

“नाही,” सुमन म्हणाली. आणि तिने मुळ्याची जुडी पिशवीत टाकली.